प्रश्न गावाचा, अभ्यास विद्यार्थ्यांचा

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एनएसएसच्या, शिबिरांची धांदल सुरू होते. कार्यक्रम अधिकारी सरपंचांना भेटून येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले वर्ग मुक्कामाला मिळतात, सतरंज्या, तांदूळ-डाळ, फावडी-घमेली यांची जमवाजमव होते. मग सात दिवस पहाटे प्रभातफेरी, सकाळभर श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला जातो, कुठे शोषखड्डे खणले जातात, कुठे रस्त्याकडेचे गवत निघते. सातव्या दिवशी समारोप, आभारप्रदर्शन, सामुदायिक फोटो.

या शिबिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. घराबाहेर कधीच न राहिलेल्या अनेक मुली पहिल्यांदा या शिबिरांमुळेच बाहेर पडल्या. एका पंगतीत जेवणे, शेणमातीत हात घालणे, माइकसमोर चार वाक्ये बोलणे, हे पुष्कळांना इथेच जमले. पण त्या बंधाऱ्यावर घाम गाळणारी मुले कॉलेजात काय शिकतात, हेही विचारायला हवे. कुणी भूगोल शिकते, कुणी वाणिज्य, कुणी रसायनशास्त्र. त्यांच्या विषयाचा त्या ओढ्याशी, त्या गावच्या हिशेबाशी, तिथल्या पाण्याच्या चवीशी सात दिवसांत कुठे संबंध आला का? बहुतेक ठिकाणी येत नाही. श्रमदान एका वहीत राहते आणि अभ्यास दुसऱ्या वहीत.

या दोन वह्या एकत्र आणण्याच्या पद्धतीला जगभर ‘सर्व्हिस लर्निंग’ म्हणतात. मराठीत आपण तिला सेवेतून शिक्षण म्हणू. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काम करणारे रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्से यांनी १९६७ च्या सुमारास हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यामागचा विचार मात्र जुना आहे. अनुभवातूनच शिक्षण घडते, पण प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, ही मांडणी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये केली होती. सिग्मन यांनी १९७९ मध्ये या कामाची तीन तत्त्वे लिहिली. ज्यांच्यासाठी सेवा आहे, त्या सेवेवर ताबा त्यांचा असावा. त्या सेवेमुळे त्यांचे स्वतःचे बळ वाढावे. आणि सेवा करणारा हाही शिकणाराच आहे, त्यामुळे आपण यातून काय शिकायचे हे ठरवण्यात त्याचा वाटा असावा. पहिले तत्त्व वाचायला सोपे आणि पाळायला सर्वांत अवघड. गावात काय करायचे ते गावाने ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे ते बहुधा परिपत्रकाने ठरलेले असते.

आता त्या बंधाऱ्याकडे परत वळू, कारण फरक कुठे पडतो ते तिथे स्पष्ट दिसते. बंधारा घातला, पाणी अडले, ही सेवा झाली. आता समजा, शिबिराच्या महिनाभर आधी भूगोलाचे किंवा भूशास्त्राचे चार विद्यार्थी गावात गेले आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींची यादी त्यांनी केली. दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी टेप सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले. बंधारा घातल्यानंतरही उन्हाळ्यापर्यंत मोजत राहिले. त्यांना काय दिसेल? काही विहिरींतले पाणी टिकेल, काहींत काडीचा फरक पडणार नाही, आणि या दोन विहिरी कदाचित शेजारीशेजारीच असतील. कारण आपल्या पायाखाली दख्खनचा बसाल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्यातला घट्ट काळा थर पाणी आत घेत नाही. भेगाळलेला किंवा झिजून मुरूम झालेला थर घेतो. पाणी कुठल्या थरावर अडवले आणि विहीर कुठल्या थरात खोदली आहे, यावर सगळे अवलंबून असते. पुस्तकातला बसाल्टचा धडा इथे विहिरीच्या भिंतीवर उघडा दिसतो. वरच्या मुरमातून झरणारे पाझर, खालचा कोरडा काळा दगड, मधली लाल मातीची पट्टी.

ही मोजमापे पुन्हा वर्गात आली, त्यांवर चर्चा झाली, आलेख निघाले, आणि शेवटी तो तक्ता मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या हाती गेला, म्हणजे पुढच्या वर्षी बंधारा कुठे घालावा हे गावाला पुराव्यानिशी ठरवता आले, की सेवेतून शिक्षणाचे वर्तुळ पुरे झाले. यात श्रमदान कमी झालेले नाही. त्याला अभ्यासाची जोड मिळाली आणि अभ्यासाला गावाचे काम मिळाले. अर्थशास्त्राचे विद्यार्थी याच गावात कर्जाची, वाणिज्यचे विद्यार्थी बचत गटाच्या हिशेबाची, रसायनशास्त्राचे विद्यार्थी पाण्यातल्या क्षारांची आणि नायट्रेटची अशीच उकल करू शकतात.

आपल्या देशाला हे सगळे परके नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला आणि नई तालीम उभी राहिली. ती शाळांपुरती राहिली, विद्यापीठांच्या दारापर्यंत फारशी पोचली नाही, हे आपले दुर्दैव. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठीय तरुणांच्या राष्ट्रसेवेचा प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चेला आला. १९५९ साली त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेले चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. शाळा संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी त्यांच्या समितीची शिफारस होती. खर्चाचा आणि अंमलबजावणीचा विचार करून ती बाजूला ठेवली गेली. पुढे कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर समाजसेवेचा आग्रह धरला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची चौकट. या चौकटीत तास मोजले जातात. काय शिकलो हे मोजायची जागा तिच्यात ठेवलेली नाही, आणि माझ्या मते दुखणे इथेच आहे.

सक्तीचा मार्ग दुसऱ्या एका देशाने घेतला. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९३६ मध्ये डॉ. गुस्तावो बाझ यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी डॉक्टर नसलेल्या खेड्यांत पाठवायला सुरुवात केली. पुढे तिथे सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी सामाजिक सेवा बंधनकारक झाली, आजही किमान ४८० तास आणि किमान सहा महिने. तिथला वैद्यकाचा विद्यार्थी खेड्यात वैद्यकाचेच काम करतो. सेवा त्याच्या विषयातूनच करून घेतली जाते, आणि त्या पद्धतीचे बळ मला सक्तीपेक्षा यात अधिक दिसते.

अशी सेवा पाहायला मेक्सिकोला जायची गरज नाही. ज्या वर्षी एनएसएस जन्मली त्याच वर्षी, १९६९ मध्ये, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी १९४० च्या दशकात सेवाग्रामात सुरू केलेल्या कस्तुरबा रुग्णालयाभोवती हे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यात राहून डॉक्टर घडवायचे, हा त्यामागचा निश्चय. एमबीबीएसला प्रवेश मिळाला की विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस गांधी आश्रमाच्या परिसरात जातात. तिथे प्रार्थना, सफाई, सूतकताई, श्रमदान असते. त्यानंतर येते खरी शिकवण. प्रत्येक तुकडीसाठी आसपासचे एक गाव निवडले जाते आणि पहिल्याच वर्षी ती तुकडी पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात. घरात माणसे किती, कमावणारे किती, ताटात काय असते, पाणी कुठून येते, शौचाला कुठे जातात, मुलांची वजने काय, बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हे सारे त्या विद्यार्थ्याने त्या घरांत जाऊन समजून घ्यायचे. शिबिर संपले म्हणजे संबंध संपला, असे होत नाही. पुढची काही वर्षे तेच विद्यार्थी ठरावीक काळाने त्याच घरी जातात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ॲनिमिया हा शब्द पाठ्यपुस्तकात भेटण्याआधी तो त्या मुलाला एका ओळखीच्या घरात भेटलेला असतो. त्या घरातली बाई लोहाच्या गोळ्या का घेत नाही, याचे उत्तर औषधशास्त्राच्या पुस्तकात नसते. गोळीने पोट बिघडते, सासू म्हणते बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, शिवाय मजुरीच्या दिवशी केंद्रात जायला सवड कुठे, अशी उत्तरे पुन्हा पुन्हा गेल्यावरच मिळतात. पहिल्या भेटीत पाहुण्याला कुणी मनातले सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच मुलगा दारात आला की ‘आमचा डॉक्टर आला’ म्हणून त्याच्यासाठी चहा टाकला जातो आणि बोलणे सुरू होते. रोग्याला विश्वासात घेण्याचे कौशल्य याहून चांगल्या रीतीने शिकवता येते असे मला वाटत नाही.

सेवाग्राममध्येच या विचाराची पुढची पायरीही गाठली गेली. तिथले प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी-विद्यार्थी जवळच्या खेड्यांत जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या मनात प्रतिबंधक आरोग्याचा आराखडा होता. गावकऱ्यांची गरज त्याआधीची होती. घरातले माणूस आजारी पडले तर उपचार मिळेल का, आणि तो परवडेल का? या संवादातून १९८० च्या सुमारास ज्वारीची आरोग्य विमा योजना उभी राहिली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. त्या बदल्यात गावातल्या आरोग्यसेवकापासून कस्तुरबा रुग्णालयापर्यंतची सेवा सर्वांना सारखी. पैशाऐवजी धान्य घेण्यात मोठा शहाणपणा होता. शेतकरी-मजुरांच्या हाती रोकड क्वचित असते, पण सुगीत धान्य असते. आणि योजनेत आपली ज्वारी पडली की तिचा जाब विचारण्याचा हक्कही आपला. सिग्मन यांचे पहिले तत्त्व, सेवेवर ताबा सेवा घेणाऱ्यांचा, वर्धा जिल्ह्यात ज्वारीच्या पोत्यांतून प्रत्यक्षात आले.

कुटुंबाला जोडून वैद्यक शिकवण्याची ही रीत आता एका संस्थेपुरती राहिलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला आहे. सेवाग्रामला अर्धशतक लागलेली शिस्त परिपत्रकाने सगळीकडे लगेच येणार नाही, हे उघड आहे. तरीही दिशा बरोबर आहे.

मुंबईची कथा वेगळी, कारण तिथे प्रश्न शहराचे आहेत. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात वस्तीकामाचे केंद्र सुरू केले आणि त्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टिस, म्हणून देशभर ओळखली जाऊ लागली. आधी वस्ती, मग विद्यालय, हा तिथला क्रम. त्यामुळे समाजकार्याच्या शिक्षणात ‘फील्डवर्क’ पहिल्यापासून वर्गाच्या बरोबरीने आले. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात किंवा तुरुंगात काम करतात, प्रत्येक दिवसाचे टिपण लिहितात आणि मार्गदर्शक शिक्षक ते टिपण समोर ठेवून बोलतात. ‘तू त्या बाईला असे का विचारलेस?’, ‘तुला राग आला तो नक्की कशाचा?’, असले प्रश्न तिथे निघतात. अनुभवाचे ज्ञान होते ते या संभाषणात. आपल्या बाकीच्या शाखांनी समाजकार्याच्या महाविद्यालयांकडून घ्यावी अशी एकच गोष्ट मला निवडायला सांगितली, तर मी हे टिपण आणि त्यावरचे बोलणे निवडेन.

क्षेत्रात काम करता करता जिथे पोकळी दिसली तिथे टिसने प्रकल्प उभे केले. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मारहाण झालेली बाई तक्रार द्यायला येते तेव्हा तिच्या शेजारी एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी, अशी त्यामागची कल्पना होती आणि नंतर राज्य सरकारने ती राज्यभर नेली. टिसच्या प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करत होत्या. संकट रात्री-अपरात्री येते आणि तेव्हा मुलांना हाक मारायला कुणी नसते, हे त्यांना त्या कामात उमगले. त्यातून १९९६ मध्ये चाइल्डलाइन ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा १०९८ हा क्रमांक ‘दस, नौ, आठ’ असा लयीत म्हणता येतो आणि वाचता न येणाऱ्या मुलाच्याही लक्षात राहतो. आज तो क्रमांक देशभर चालतो आणि ती सेवा सरकारी यंत्रणेचा भाग झाली आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा यात काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी टँकरच्या गावांकडे पाहावे. मुंबई आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. कर्जत, शहापूर, मोखाडा या भागांत पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मार्च-एप्रिलपासून पाड्यांवर टँकर फिरतात. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडे विद्यार्थ्यांपुढे ठेवले. नळयोजना कागदावर पूर्ण आहे, टाकी बांधलेली आहे, मग टोकाच्या वाडीवर पाणी का नाही? विद्यार्थी टाकीची उंची, नळाचा व्यास, वाडीची उंची, दाब, पंपाचे तास, वीज किती वेळ असते, हे सगळे मोजतात. नळात पाणी वाहताना घर्षणाने दाब कमी होतो, हा हायड्रॉलिक्सचा प्राथमिक धडा. टोकाच्या वाडीवरच्या बाईच्या हंड्यात त्याचा अर्थ उतरतो. कधी निघते की नळाचा व्यासच चुकला आहे. कधी यंत्र ठाकठीक असते आणि वीजबिल थकल्याने पंप बंद असतो. मग प्रश्न अभियांत्रिकीतून पंचायतीच्या हिशेबात जातो, आणि विद्यार्थ्याला तिथेही जावे लागते. पाणीयोजनांचे नळ कमी खर्चात कसे आखावेत यासाठीची ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली आयआयटीतल्या याच प्रकारच्या कामातून आली. २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियानाला मान्यता दिली, त्यामागे हीच कल्पना होती. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्याच जिल्ह्याच्या पाणी, एसटी, शेती, ऊर्जा अशा प्रश्नांचा अभ्यास करावा आणि तो जिल्हा परिषदेच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या कामी यावा. परदेशी नियतकालिकात निबंध छापून येण्याइतकाच मान अशा जिल्हा अहवालाला मिळाला, तर आपल्या विद्यापीठांचे रूप बदलेल, अशी माझी खात्री आहे.

या सगळ्यातून विद्यार्थी खरेच काही जास्त शिकतात का, याची तपासणीही झाली आहे. सिलिओ, डर्लक आणि डिमनिकी यांनी २०११ मध्ये ६२ अभ्यासांचे, मिळून ११,८३७ विद्यार्थ्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शाळेबद्दलची ओढ, नागरिक म्हणून सहभाग, सामाजिक कौशल्ये आणि परीक्षेतली कामगिरीसुद्धा सुधारलेली आढळली. हा लाभ जिथे काम अभ्यासक्रमाशी जोडलेले होते, विद्यार्थ्यांना त्यात मत होते, समाजाचा सहभाग होता आणि केलेल्या कामावर विचार करायला वेळ दिलेला होता, तिथे अधिक दिसला.

तरीही सेवेत एक धोका कायम असतो, आणि तो लपवून चालणार नाही. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन तरुणांपुढे भाषण केले होते. सद्हेतू घेऊन येऊ नका, तुमच्या येण्याने ज्यांचे भले करायला आलात त्यांचा तुम्ही अपमानच करता, असा त्या भाषणाचा तीव्र सूर होता. पाहुण्याला गावाची भाषा येत नाही, सत्तेची रचना कळत नाही आणि चूक झाली तर तो निघून जातो, परिणाम गाव भोगते. हे आपल्याला जसेच्या तसे लागू आहे. बंधारा कुणाच्या विहिरीजवळ होतो? ओढ्याकाठी ज्याची जमीन, त्याच्या. विद्यार्थ्यांच्या पंगती, सत्कार, पाहुणचार गावठाणात होतो. दलित वस्ती आणि आदिवासी पाडा यांच्यापर्यंत फक्त प्रभातफेरी जाते. बीड जिल्ह्यातल्या गावात डिसेंबरमध्ये कुटुंब सर्वेक्षण केले तर ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपे असतात. सर्वेक्षणाच्या तक्त्यातून नेमकी ती माणसे गळतात, ज्यांच्यासाठी योजना असतात. दिवाळीनंतर गेलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेव्हा महाविद्यालयांत परीक्षा सुरू असतात. महाविद्यालयाचे सत्र आणि गावाचे वर्ष एकमेकांना छेदतात, आणि झुकायचे कुणी हे ठरवायला हवे. मला वाटते, महाविद्यालयाने झुकावे.

सर्वेक्षणांचा कंटाळा हाही खरा आहे. एकाच गावात आधी कृषी महाविद्यालय, मग समाजकार्याचे विद्यार्थी, मग केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानातली संस्था येते आणि प्रत्येक जण तेच विचारतो. घरात किती माणसे, शौचालय आहे का, गॅस आहे का. उत्तरे कुठे जातात हे सांगणाऱ्या बाईला कधीच कळत नाही. विद्यार्थ्यांनी फॉर्म भरण्याआधी ग्रामपंचायतीत आधीचे कुठले सर्वेक्षण पडून आहे ते पाहावे, आणि प्रत्येक घरी आपण कोण, कशासाठी विचारतो, उत्तर नको असेल तर चालेल, हे साध्या शब्दांत सांगावे. संशोधनातल्या नीतिमत्तेची सुरुवात इथून होते.

शिक्षकांची अडचण वेगळी. गावाशी नाते जोडायला दोन-तीन वर्षे लागतात आणि कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत संपली की नाते तुटते. या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरले जात नाहीत, बढतीत मोजले जात नाहीत. कंत्राटी प्राध्यापकाला तर पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू का हेच माहीत नसते. हे बदलल्याशिवाय उत्साही शिक्षकांच्या खांद्यांवर हा डोलारा किती काळ टिकेल?

आणि आता वेळ मोठी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उच्च शिक्षणातील सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्व विद्यार्थ्यांसाठी दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आणि त्यातला निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष क्षेत्रात, असे त्यात सांगितले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी केलेल्या अभ्यासक्रमांतही फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपी, म्हणजे समाजसंपर्काचा कार्यक्रम, आले आहेत. एनएसएसमध्ये स्वेच्छेने येणाऱ्या काही विद्यार्थ्यांपुरते जे होते, ते आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर येणार आहे. याचे दोन परिणाम होऊ शकतात. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या प्रकल्पांचा ढीग वाढेल, किंवा महाराष्ट्रातल्या हजारो गावांना आणि वस्त्यांना पहिल्यांदा स्वतःचे अभ्यासक मिळतील.

दुसरी गोष्ट व्हावी म्हणून या कामातल्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. सीईपीचा विषय स्टाफरूममध्ये ठरवू नका. गावात किंवा वस्तीत जा आणि विचारा की तुम्हाला कशाचे उत्तर हवे आहे. बायकांना वेगळे विचारा, गावाच्या कडेच्या वस्तीला वेगळे विचारा. आलेल्या प्रश्नांतला एक, आपल्या विषयाने सोडवता येईल असा, निवडा. त्याच गावात निदान तीन वर्षे राहा, म्हणजे पुढची तुकडी मागच्या तुकडीची मोजमापे पुढे नेईल. विद्यार्थ्यांना दर आठवड्याला एक पान लिहायला लावा आणि ते पान समोर ठेवून त्यांच्याशी बोला. अहवाल मराठीत लिहा, पाच-सहा पानांत लिहा, आणि त्याची प्रत विद्यापीठात जमा करण्याआधी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांना तो उभ्याने वाचू द्या. लोक चुका दाखवतील, त्या दुरुस्त करा. गुण त्यानंतर द्या.